प्रकल्प नोंदी: घारापुरीचा पंधरवडा

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार, सर्वपित्री अमावास्या

सकाळच्या लाँचने गेटवेहून निघून तासाभरात घारापुरीच्या धक्क्याला लागलो. आम्ही चौघे आहोत: एक वास्तुरचनाकार, एक ध्वनिमुद्रण करणारा, एक शिवणकाम आणि वस्त्रकाम शिकवणारी, आणि मी चित्रकार. बेटावर राहणाऱ्या लोकांबरोबर मिळून, ते बेटावर कसे राहतात याचे एक मोठे चित्र करावे, एवढाच विचार घेऊन आलो होतो. त्यासाठी सहा फूट बाय चार फूट कागदावर बेटाची बाह्यरेषा छापून आणली होती. लोकांनी त्या रेषेच्या आत आपली घरे, पायवाटा, विहिरी, देवळे आणि शेते दाखवावीत, अशी योजना होती.

घारापुरी, म्हणजेच एलिफंटा बेट, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत. १९८७ साली लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून येणारा पाहुणा धक्क्यावरून पायऱ्या चढतो, दुकाने पाहतो, सदाशिवाच्या त्रिमूर्तीपुढे उभा राहतो आणि दुपारच्या लाँचने परततो. मीही शाळेत असताना तशीच येऊन गेले होते, आणि तीन गावांची नावे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. हे इथे लिहून ठेवते, कारण कामाची सुरुवात तिथूनच झाली आहे.

शेतबंदरात एका घराच्या ओटीवर कागद पसरला. पाच-सहा बायका जमल्या, मुले जमली. थोरल्या काकींनी कागदाभोवती एक फेरी मारली, खाली बसून बाह्यरेषेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "तुमचा कागद भरतीचा हाय. सुकतीचा नाय." सुकती म्हणजे ओहोटी, तरी मला लगेच कळले नाही. मग त्यांनी हात लांब करून धक्क्याच्या दिशेने दाखवले. दुपारचे बारा वाजून गेले होते, अमावास्येची भरती पूर्ण भरली होती आणि पाणी काठाच्या दगडांना लागले होते. "सांजेला ये, मग दाखवते बेट कुठवर हाय ते." पण शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटते, म्हणून ते बेट न पाहताच आम्ही परतलो.

३० ऑक्टोबर २०२३, सोमवार

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून पर्यटकांच्या लाँचही नसतात. आम्ही उरणच्या बाजूने गावच्या होडीने आलो. यापुढे कामाचा वार सोमवारच ठरवला आहे. पायऱ्यांवर दुकान लावणाऱ्या, ताक आणि कैऱ्या विकणाऱ्या, हॉटेलात भाकऱ्या करणाऱ्या बायकांचा तो एकच मोकळा दिवस आहे. त्या दिवशी त्यांचा वेळ मागायचा तर तो फुकट मागता येणार नाही, या मुद्द्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी जो कोणी कामाला बसेल त्याला दिवसाची मजुरी द्यायची, आणि ती रक्कम आम्ही स्वतः घेतो त्या रकमेइतकीच असायची, असे ठरले. प्रकल्पाच्या पैशांत ती बसवण्यासाठी छपाईचा सगळा खर्च काढून टाकला. छापलेला कागदही आता नकोच होता.

घरी आल्यावर जुन्या गोष्टी पुन्हा वाचल्या. २००९ साली अनुराधा माथुर आणि दिलीप द कुन्हा यांनी मुंबईतल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडलेल्या प्रदर्शनाचा मुद्दा हाच होता की मुंबई हे खाडीमुखातले ठिकाण आहे, तिथे जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एकच पक्की रेषा नसते, आणि नकाशा काढणाऱ्यांनी ती रेषा ओढल्यामुळे पाणी बाहेरून आत शिरणारा शत्रू वाटू लागले. त्यांनी वरून पाहिलेल्या नकाशाऐवजी आडवे छेद, म्हणजे जमीन कापून बाजूने पाहिल्यासारखी चित्रे, काढले होते. हे मी तेव्हा पाहिले होते, वाचलेही होते. तरी कामाला बसले तेव्हा हाताने पहिली गोष्ट काढली ती बाह्यरेषाच. एखादा विचार पटणे वेगळे आणि तो हातात उतरणे वेगळे.

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार, कार्तिक शुद्ध अष्टमी

आज भांग. अष्टमीच्या आसपास भरती फारशी चढत नाही आणि ओहोटी फारशी उतरत नाही, त्या मंद पाण्याला इथे आणि सगळ्या कोकणपट्टीत भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण. चिखलात उतरण्यासारखे आज काही नसल्याने बायका घरी होत्या आणि दिवसभर निवांत बोलणे झाले.

मोराबंदरच्या एका आजोबांनी भरतीचे गणित सांगितले. हे गणित किनाऱ्यावर सगळीकडे चालते, पण मी ते प्रथमच नीट बसून ऐकले. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आज अष्टमी, म्हणून आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळी सहाला भरती, मधे बाराला सुकती. चतुर्थीला तीन वाजता, द्वादशीला नऊ वाजता. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी हे गणित पाऊणेक तास मागे पडते. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात आणि पाणी मात्र बाराच्या सुमारास भरते. हे मी विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, "पाऊणपट करायची, आणि मग धक्क्यावर जाऊन बघायचं."

आमच्या वास्तुरचनाकार मित्राने छापील भरती-ओहोटी कोष्टक आणले होते. आजोबांनी ते हातात घेऊन मन लावून पाहिले, त्यातले उंचीचे आकडे वाचून घेतले आणि नातवाला मोबाइलवर त्याचा फोटो काढायला सांगितला. दोन ज्ञानांत भांडण लावण्याची आपल्याला सवय झाली आहे. आजोबांना त्याची गरज वाटली नाही.

परत येताना होडीत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. इथे 'कुठे' या प्रश्नाचे उत्तर 'केव्हा' विचारल्याशिवाय देता येत नाही. चित्र करायचे तर ते एका बेटाचे होणार नाही, पंधरा तिथींचे होईल.

२७ नोव्हेंबर २०२३, सोमवार, कार्तिक पौर्णिमा

ही नोंद सविस्तर लिहिते, कारण आजच्या संध्याकाळनंतर प्रकल्प बदलला.

चारच्या सुमारास शेतबंदराच्या थोरल्या काकी, त्यांची सून आणि शेजारच्या दोघी डोक्याला टापशी बांधून, लुगडी गुडघ्यावर खोचून निघाल्या. हातात प्लास्टिकची बादली आणि टोकदार लोखंडी कोयती. आम्ही त्यांच्यामागे. पाणी उतरू लागले होते. आधी काठाचे गोटे उघडे पडले, मग तिवरांची वर आलेली श्वासमुळे, मग तांबूस शेवाळाचे खडप, म्हणजे भरतीत बुडणारे खडक, आणि शेवटी करडा, चकचकीत चिखल, ज्यावर निवट्या, चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. पाणी मागे जात नव्हते, जमीन पुढे येत होती, असेच दिसत होते. काकी कुठे पाय टाकायचा हे चिखलाच्या रंगावरून ओळखत होत्या. गडद जागी पाय गुडघ्यापर्यंत जातो, फिकट जागी घोट्यापर्यंत. मी दोनदा गडद जागी गेले आणि दोन्ही वेळा सुनेने मला हात देऊन ओढून काढले.

कालवं खडपाला चिकटून असतात, आणि उघडा दगड आणि कालव यांतला फरक पहिला अर्धा तास मला दिसतच नव्हता. काकी कोयतीचे टोक एका ठरावीक ठिकाणी, शिंपल्याच्या दोन पाळ्या जुळतात तिथे घालतात, मनगट जेमतेम वळवतात आणि वरची पाळी सुटते. आत करडा, ओलसर, नखाएवढा ऐवज. तो बोटाने उचलून पाण्याच्या डब्यात. खालची पाळी दगडालाच राहू द्यायची. तासाभरात त्यांचा डबा अर्धा झाला. माझ्या वाटीत सात कालवं आणि अंगठ्याला एक खोल चीर.

सहाच्या सुमारास पाणी पूर्ण सुकले. पश्चिमेला मुंबईच्या इमारतींमागे सूर्य गेला आणि जवळजवळ त्याच वेळी पूर्वेला बंदराच्या क्रेनांवरून पौर्णिमेचा चंद्र वर आला. आम्ही अशा जागी उभ्या होतो जी माझ्या छापील कागदावर निळ्या रंगात होती. काकींनी आजूबाजूच्या खडपांची नावे सांगितली. प्रत्येकाला नाव आहे, आणि नावामागे कारण आहे: कोणाची होडी तिथे फुटली, कोणत्या आजीची ती नेहमीची जागा होती, कुठे खेकडे मिळतात. एक जागा फक्त पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे तीन-चार दिवस उघडी पडते, आणि ती ज्या घराची आहे असे सगळे मानतात त्या घरच्यांशिवाय तिथे कोणी कोयती चालवत नाही. कुठल्याही सातबाऱ्यावर ही नोंद नाही.

या खडपांची नावे मी या नोंदींत लिहिणार नाही. काकींनी तसे सांगितलेले नाही. हे मी ठरवले आहे. ती नावे कामात येतील, पण कामातच, आणि काम जिथे राहील तिथेच राहतील.

पर्यटक साडेपाचला जातात आणि उधाणाची सुकती सहाला असते, त्यामुळे उधाणाच्या दिवशी बेट सर्वांत मोठे होते तेव्हा ते पाहायला बाहेरचे कोणीच नसते. परतायला आम्हाला रात्री साडेनऊपर्यंत थांबावे लागले. पाणी भरेपर्यंत होडी काठाला येत नव्हती, आणि पलीकडे उरणच्या मोरा धक्क्यालाही गाळामुळे सुकतीला लागता येत नाही. तोवर सुनेने कालवांचे सुके आणि तांदळाची भाकरी वाढली.

११ डिसेंबर २०२३, सोमवार

कामाचा घाट आज ठरला, आणि तो बायकांनी ठरवला. शिवणकाम शिकवणारी आमची मैत्रीण घरोघरी जुनी लुगडी, चादरी आणि फाटकी जाळी पाहत होती. मोराबंदरात एकीने वाकळ आणून दाखवली, दोन पिढ्यांच्या कपड्यांची. तीवरून सुचले: पंधरा पट्ट्या शिवायच्या, एका तिथीला एक, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत. प्रत्येक पट्टी म्हणजे एका घराच्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंतचा छेद. उंबऱ्याकडचे टोक त्या घरच्या लुगड्याचे, मग वाटेचे कापड, मग चिखलाचे, आणि शेवटी पाणी म्हणून जुने नायलॉनचे जाळे. दोन दोऱ्या आडव्या शिवायच्या: त्या तिथीला भरती जिथे येते तिथे लाल, सुकती जिथे जाते तिथे काळी. पाच पट्ट्या शेतबंदराच्या, पाच मोराबंदराच्या, पाच राजबंदराच्या.

मोजायचे कशाने, हा प्रश्न निघाला. मीटरची टेप आणली होती, पण चिखलात ती टिकेना. मग काथ्याची दोरी घेतली आणि तिला वावावर गाठी मारल्या. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर म्हणजे वाव; समुद्राची खोली त्यानेच मोजत आले आहेत. कोणाचा वाव धरायचा यावर सगळ्यांनी थोरल्या काकींकडे पाहिले. त्यांचा वाव पाच फूट एक इंच भरला. पूर्ण कामाचे माप तेच राहील: त्यांचा एक वाव म्हणजे कापडावर चार बोटे.

१८ डिसेंबर २०२३, सोमवार, चंपाषष्ठी

आमच्या चौघांची बैठक शेतबंदरातच घेतली आणि गावातल्या तिघींना बसायला सांगितले. बाहेरच्या कोणत्या कामांतून शिकता येईल, यावर बोलणे झाले.

मी नवज्योत अल्ताफ यांच्या बस्तरमधल्या कामाबद्दल सांगितले. त्या १९९७ पासून कोंडागावच्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करीत आल्या आणि हातपंपाच्या जागा त्यांनी तिथल्या लोकांशी बोलून घडवल्या, पाणी भरणाऱ्या बाईला घागर टेकवायला, डोक्यावर घ्यायला सोपे जाईल अशा. सूनबाईंनी विचारले, "म्हणजे अजून पाणी भरतात ना तिथं?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. काम झाल्यावर ते वापरात राहते का, हे तिने पहिल्यांदा विचारले. मग 'कॅम्प' या मुंबईच्या गटाने कच्छच्या आणि आसपासच्या खलाशांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रणांतून २०१३ साली केलेल्या चित्रपटाचे बोलणे निघाले. समुद्रावरच्या माणसाने स्वतः काढलेले दृश्य आणि त्याच्यावर काढलेले दृश्य यांत काय फरक पडतो, ते त्यात दिसते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याचे पराग तांडेल आणि कादंबरी कोळी स्वतःच्याच समाजाची वस्तू, खाणे, शब्द यांची जपणूक कला म्हणून करतात, हेही सांगितले. ते आमच्यापेक्षा पुढचे पाऊल आहे, कारण तिथे बाहेरून कोणी यावे लागत नाही.

जपानच्या सेतो समुद्रातल्या बेटांवर २०१० पासून दर तीन वर्षांनी भरणाऱ्या कला महोत्सवाबद्दल वास्तुरचनाकार मित्र उत्साहाने बोलला. तिथली गावे ओस पडत चालली होती, म्हातारी माणसेच उरली होती. तेशिमा बेटावर तर बेकायदा औद्योगिक कचरा टाकला गेला होता. कलेच्या निमित्ताने लोक पुन्हा तिथे येऊ लागले. ते काम मोठे आहे, पण ते उदाहरण इथे लागू पडत नाही असे मला वाटते आणि मी तसे म्हटले. घारापुरीला पाहुण्यांची कमतरता नाही. पाहुणे इतके येतात की त्यांच्या वेळापत्रकाने गावाचा दिवस बांधला गेला आहे. आणखी पाहुणे आणणारी कला इथे करण्यात अर्थ नाही. काकी म्हणाल्या की पाहुणे आले तर त्यांना नकोत असे नाही, पोट त्यावरच आहे, पण त्यांनी लेण्यांबरोबर गावही बघावे. माझे मत मी जरा घाईने मांडले होते.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

काल अटल सेतूचे उद्घाटन झाले. शिवडीपासून न्हावा-शेव्यापर्यंत २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला १६.५ किलोमीटर समुद्रावरून. बेटाच्या उत्तरेकडून तो जातो आणि मोराबंदराच्या बाजूने स्पष्ट दिसतो. रात्री दिव्यांची माळ पाण्यावर पडते. मुले मोजत होती.

पुलाचा बेटाशी थेट संबंध नाही. इथल्या माणसाला रुग्णालयात जायचे तर अजूनही होडी आणि भरती दोन्ही लागतात. तरी आज सगळे दिव्यांबद्दलच बोलत होते आणि त्यातून विजेचा विषय निघाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून बेटाला कायमची वीज मिळाली. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटरवर दिवे लागत. मुंबईच्या विमानांचे आणि इमारतींचे दिवे रोज समोर दिसत असताना हे चालले होते. राजबंदरच्या एका ताईंनी सांगितले की त्यांच्या मुलीने दहावीचा अभ्यास जनरेटर बंद झाल्यावर कंदिलावर केला, आणि केबल आली त्या वर्षी मुलीचे लग्न होऊन ती पनवेलला गेली होती. त्यांनी आपल्या पट्टीत उंबऱ्याजवळ एक पिवळा दोरा घातला आहे. काय आहे ते कोणाला सांगायचे नाही, ओळखले तर ओळखले, असे त्यांचे म्हणणे होते. हे मी त्यांना विचारून लिहिले आहे.

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

नऊ पट्ट्या झाल्या. चिखलासाठी कोणते कापड घ्यायचे यावर आम्ही महिनाभर अडलो होतो. रंगवलेले करडे कापड कोणालाच पटेना. शेवटी पांढरे सुती कापड खुद्द चिखलातच पुरले, प्रत्येक गावाचे त्या-त्या गावाच्या काठाला, दोन भरत्या जाऊ दिल्या आणि वाळवले. तिन्हींचा रंग वेगळा आला. शेतबंदराचा करडा, मोराबंदराचा हिरवट काळा, राजबंदराचा तांबूस. धुतल्यावर तो किती टिकेल हे पाहावे लागेल. बायकांच्या मते न टिकला तरी चालेल, पुन्हा पुरता येईल.

राजबंदराच्या बाजूचे बोलताना हत्तीचा विषय आला. दगडी हत्ती तिथे होता, त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटाचे जगाने घेतलेले नाव ज्या वस्तूवरून पडले ती वस्तूच बेटावर नाही. पट्ट्यांचे पुढे काय करायचे, ही चर्चा आज याच गोष्टीपासून सुरू झाली आणि लांबली.

८ मार्च २०२४, शुक्रवार, महाशिवरात्री

आज काम नव्हते, फक्त आले. उरण-पनवेलच्या बाजूच्या गावांतून होड्या भरून माणसे आली होती. रोजचा पाहुणा त्रिमूर्ती पाहतो आणि फोटो काढतो. आजचा माणूस लिंगावर बेल वाहतो आणि नारळ फोडतो. गर्दीत थोरल्या काकी ओळखू येत नव्हत्या, हिरव्या नऊवारीत, नाकात नथ. त्यांनी मला पाहिले आणि लगेच विचारले की पौर्णिमेच्या पट्टीचे जाळे आणले का.

१८ मार्च २०२४, सोमवार

मुंबईतल्या एका कलादालनाने काम मांडण्याची इच्छा दाखवली आहे. दालनाचे नाव इथे लिहीत नाही. त्यांना सर्व पंधरा पट्ट्या हव्या आहेत, दोन महिन्यांसाठी, आणि नंतर विक्रीचा पर्याय खुला ठेवायचा आहे. आमच्यातल्या दोघांना हे मान्य होते. मलाही पहिल्या दिवशी मोह झाला, कारण या पाच महिन्यांत माझे दुसरे उत्पन्न जवळजवळ थांबले आहे आणि असे बोलावणे पुन्हा येईलच असे नाही.

तिन्ही गावांच्या बायकांसमोर पत्र वाचून दाखवले. कोणी घाईने नाही म्हटले नाही. विमा कोण काढणार, परत कोण आणणार, आणि विकले तर पैसे कसे वाटणार, असे प्रश्न आले. शेवटी मोराबंदरच्या एका वयस्क काकींनी विचारले की तिकडे पट्ट्या भिंतीवर टांगल्या तर त्यांत लिहिलेली खडपांची नावे कोणीही वाचणार का. हो, मी म्हणाले. मग ठरले ते असे: पट्ट्या बेटावर राहतील, ग्रामपंचायतीकडे, वापरात. दालनाला हवी असेल तर नावे नसलेली एक सोळावी पट्टी नव्याने शिवून देऊ, आणि तिची मजुरी आधी घेऊ. दालनाचे उत्तर अजून आलेले नाही.

८ एप्रिल २०२४, सोमवार, सोमवती अमावास्या

आज पट्ट्या पहिल्यांदा एकत्र मांडल्या. धक्क्याच्या बाजूला बोंबील वाळत घालायची वलांडी बांधली होती, तिच्यावर एकीशेजारी एक पंधरा पट्ट्या टांगल्या, उंबरे वर आणि पाणी खाली. बाहेरचे कोणी बोलावले नव्हते. तिन्ही गावांतून माणसे आली. राजबंदराची डोंगर चढून, मुलांना कडेवर घेऊन.

तोवर आम्ही एकेक पट्टीच पाहत होतो. सगळ्या शेजारी आल्यावर लाल दोऱ्यांची एक रांग झाली आणि काळ्या दोऱ्यांची दुसरी. प्रतिपदेला दोन्ही एकमेकींपासून लांब, मग जवळ जवळ येत सप्तमी-अष्टमीला अगदी शेजारी, आणि पुन्हा लांब होत पौर्णिमेपाशी सर्वांत दूर. हे भरती-ओहोटीच्या कोष्टकात आधीच होते आणि मला ते माहीत असायला हवे होते. पण आमच्यापैकी कोणीच ते डोळ्यांपुढे आणले नव्हते. पाऊणपटीचे गणित सांगणारे आजोबा काठी टेकत लांब उभे होते. ते म्हणाले, "डमरू झाला की." मग तो सगळ्यांना दिसला. लहान मुले पट्ट्यांच्या मागून पळत डमरूच्या कमरेपाशी हात लावून येत होती.

दुपारी बारा-सव्वाबाराला भरती पूर्ण भरली आणि पाणी वलांडीच्या खांबांपासून काही वावांवर येऊन थांबले. काकींनी पौर्णिमेच्या पट्टीवरची लाल दोरी पाहिली, काठाकडे पाहिले, आणि सुनेला सांगितले की दोन बोटे खाली शिवली आहे, वर घ्यायला हवी. सूनबाईंनी तिथेच उसवायला घेतली.

१५ एप्रिल २०२४, सोमवार

डमरूच्या कमरेवरून मतभेद झाला आहे. अष्टमीची पट्टी मोराबंदराच्या वाट्याला आली होती आणि त्यांनी ती आपल्या काठावर मोजली. शेतबंदराच्या बायकांचे म्हणणे असे की त्यांच्याकडे चिखल फार सपाट आहे, त्यामुळे भांगाचे थोडे पाणी उतरले तरी बरीच जमीन उघडी पडते; तिथे लाल आणि काळी दोरी इतकी जवळ येणारच नाही. राजबंदराच्या म्हणतात की त्यांच्याकडे काठ खडकाळ, उभा आहे, तिथे त्या अजून जवळ येतील. तिघींचेही खरे आहे. पाणी सगळीकडे सारखेच चढते-उतरते, पण पायाखालची जमीन वेगळी, म्हणून एकाच तिथीचे बेट तीन मापांचे.

वाटणी करताना पाच-पाच पट्ट्या देणे सोपे म्हणून दिले होते. ती चूक माझी होती, आणि ती काम जवळजवळ संपल्यावर कळली. आज ठरले की निदान अष्टमीची पट्टी तीन तुकड्यांची करायची, तिन्ही गावांची शेजारी शेजारी. मोराबंदराचा तुकडा तयार आहे. शेतबंदराने गेल्या महिन्यात आपल्या सोयीने मोजून ठेवले होते, ते आज दोरीवरून कापडावर उतरवले. राजबंदराचे मोजायचे राहिले आहे.

उद्या चैत्र अष्टमी. सुकती दुपारी बाराच्या सुमारास. मंगळवार असल्याने दुकाने उघडी असतील आणि बारा ही गर्दीची वेळ आहे, म्हणून पिवळ्या दोऱ्याच्या ताईंचे दुकान तेवढा तासभर शेतबंदरची सूनबाई सांभाळणार आहे आणि ताई दोरी घेऊन खाली जाणार आहेत. गाठी मारलेली काथ्याची दोरी मी त्यांच्या घरी ठेवून आले. तिसऱ्या आणि चौथ्या वावाची गाठ सैल झाली होती. काकींनी हात पसरून ती पुन्हा मारून दिली.